टिटव्या गेल्या असं हे म्हणाले

माझा आवाज जन्मापासून चिरका. नुसता उंच नव्हे, तर कानात शिरला की आत ओरखडा काढून बाहेर पडणारा. माहेरी मारुंजीला त्याचं कुणाला काही वाटलं नाही, उलट त्याला काम होतं. ज्वारीच्या दाण्यात चीक भरला की पाखरं थव्याने उतरायची आणि राखणीसाठी मला माळ्यावर चढवायचे. शेतात चार लाकडं रोवून वर फळ्या टाकलेल्या असत, तोच आमचा माळा. भावांच्या हातात गोफण असायची, माझ्या हातात काहीच नसायचं. मी अशी काही किंचाळायची की पलीकडच्या शेतातली पाखरंसुद्धा उठून जायची. शेजारचे लोक वडिलांना म्हणायचे, "तुमची पोर हाय तवर आमाला राखण्या ठेवायला नगं." वडील मिशीत हसायचे. मलाही वाटायचं, आपल्याकडे काहीतरी आहे.

मग लग्न झालं. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. सासर कासारवाडी स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, पवनेच्या अंगाला. हाकेच्या अंतरावर म्हणजे माझ्या हाकेच्या, बाकीच्यांना बरंच चालावं लागे. तिथे घराला घर लागून होतं. इकडे भांडं पडलं की तिकडची बाई विचारायची, काय सांडलं. अशा ठिकाणी माझा आवाज कुठे मावणार? पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला नाव ठेवलं, टिटवी.

"अगं टिटवे, हळू बोल की. सांगवीपातुर जातंय तुजं बोलनं."

हे काही लाडाचं नाव नव्हतं. टिटवी ओरडली की कुणीतरी जातं, असं आमच्याकडे मानायचे. सासूबाईंची एक लेक लहानपणी तापाने गेली होती आणि त्या दिवशी नदीकाठी टिटवी ओरडत होती. तेव्हापासून मळ्यात टिटवी ओरडल्याची खबर आली की त्या हातातलं काम टाकून चुलीत मूठभर मीठ फेकायच्या. मीठ तडतडलं की त्यांना बरं वाटायचं. अशा बाईने सुनेला ते नाव ठेवलं, यावरून काय ते समजा. मी बोलायला तोंड उघडलं की त्यांची नजर मिठाच्या मडक्याकडे जाते की काय असं मला वाटे. मी चिडायची, आणि चिडले की आवाज आणखी चढायचा.

तेव्हा मला एका गोष्टीचा फार राग यायचा. देवळात कीर्तन असलं की बुवा राक्षसिणीचा आवाज काढायचे, तो चिरका. देवीचा काढायचे, तो गोड, सायीसारखा. राक्षस मात्र भारदस्त बोलायचे. म्हणजे चिरका आवाज पुराणातसुद्धा वाईट बाईच्याच वाट्याला. आणि तेच गावातले बाप्ये जत्रेत फडावर उभे राहून गळ्याच्या शिरा फुगवून किंचाळायचे, तेव्हा लोक फेटे उडवायचे. बाप्याचा आवाज चढला तर ती कला, बाईचा चढला तर ती कजाग. हे मी एकदा सासूबाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "व्हय, पर हळू बोल."

आमचे हेही त्या फडावर किंचाळणाऱ्यांतलेच. यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, लग्नातल्या उखाण्यापुरतं घेतलं तेवढंच. आता कोण अडवणार आहे म्हणा, पण हात वळत नाही. तर हे गावच्या फडात सुरत्या होते. शाहीर पुढे उभा राहून गातो. त्याच्या मागे सुरत्या तुणतुणं घेऊन उभा असतो आणि शाहिराची ओळ संपत आली की तिचं शेपूट उचलून 'जी जी जी' करत आणखी वर नेतो. याला झील धरणं म्हणतात. शाहीर म्हणजे माझे चुलत सासरे. झील यांच्या आजोबांपासून आमच्या घरात होती. यांचा बांधा किडकिडीत, बोलणं बेताचं, चारचौघांत कुणाच्या नजरेत भरावं असं काही नाही. पण झील धरली की अंगावर काटा यायचा.

साऱ्या सासरात माझा आवाज आवडणारं माणूस एकच, ते म्हणजे हे. नदीकाठच्या मळ्यात मी भाकरी घेऊन जायची. नाव घ्यायचं नाही, म्हणून बांधावरूनच एक लांब 'कूऽऽ' घालायची. हे पार पलीकडच्या टोकाला पाणी धरत असले तरी ताठ उभे राहायचे आणि हात वर करायचे. जेवण झालं की तुणतुणं काढायचे आणि म्हणायचे, "हं, मार हाक." मी हाक मारली की तार पिळून पिळून त्या सुराला आणायचे. म्हणायचे, "पेटीवाल्याला म्हनावं, पेटी ठिव घरी. माज्याकडं ही हाय." मी लाजून पदर तोंडावर घ्यायची. दिवसभराचं टिटवी टिटवी त्यात वाहून जायचं. सासरी मी नांदले ती या हाकेवर, दुसऱ्या कशावर नाही.

मग कारखाने आले. पिंपरीकडच्या माळावर आखणी झाली, भिंती उठल्या, भोंगे वाजायला लागले. आमच्या मळ्याचा मोठा तुकडा एका कारखान्यात गेला आणि घरातल्या एकाला काम मिळालं. पोलादी पत्रे जोडून मोठमोठ्या टाक्या करायचा तो कारखाना. लाल तापवलेला खिळा भोकातून घालायचा, बाहेरून एकाने घणाने ठोकायचा आणि आतून दुसऱ्याने जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. आत उतरायचं भोक लहान, म्हणून आत किडकिडीत माणूस लागे. यांचा बांधा पाहून साहेबांनी लगेच पसंत केलं. घरात पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

पहिल्या दिवशी हे घरी आले तेव्हा भिंतीला टेकून नुसते बसून राहिले. मी विचारलं, "काय झालं?" हे हसले. म्हणाले, "कानात रातकिडं बसल्यात. रविवारी उठतील." रविवारी थोडे उठायचे, सोमवारी परत बसायचे. मी कापूस दिला, तो यांनी एक दिवस घातला. बाकीचे हसले म्हणून दुसऱ्या दिवशी काढून टाकला. हळूहळू यांनी रातकिड्यांचं नाव काढणं सोडलं. मला वाटलं, सवय झाली.

मळ्याचा जो उरलासुरला तुकडा होता, तिथे हे शिफ्ट नसेल तेव्हा जायचे, कधी वस्तीलाही राहायचे. एक दिवस जेवताना सहज म्हणाले, "आये, यंदा टिटव्या न्हाईत मळ्यात. एक सुदिक वरडली न्हाई. कारखान्याच्या कलकलाटानं पळाल्या वाटतं."

सासूबाईंचा घास हातात राहिला. "खरं म्हनतोस?"

"खरंच. गेल्या टिटव्या."

त्यांचा आनंद काय सांगू! दुसऱ्या दिवशी देवाला नारळ फोडला, नैवेद्य केला, आळीत सांगत सुटल्या, की आमच्या मळ्यातली इडापिडा गेली, कारखाना आला तो चांगल्या पायाचा. घर मळ्यापासून लांब, नदीचा काठ त्यांना दिसत नव्हता की ऐकू येत नव्हता. पोरगा सांगतो ते खरं. मळ्यात वस्ती करणाऱ्यालाच टिटवीची खबर, हे आमच्याकडे ठरलेलंच. चुलीजवळचं मिठाचं मडकं त्यांनी फळीवर नेऊन ठेवलं. माझ्यावरचा राग जरा उतरला. एकदा तर चुकून मला 'बाळे' म्हणाल्या.

त्याच दिवसांत हे मला एकदा म्हणाले, "तुजा आवाज अलीकडं लई मऊ झालाय."

मी किती हरखले, ते आज लिहितानाही लाज वाटते. मला वाटलं, सासरच्या पाण्याने मी सुधारले. मी नदीवर कपडे धुताना स्वतःशीच बोलून पाहायची आणि मला तो खरंच मऊ लागायचा. मग मी जास्तच बोलायला लागले. हे समोर बसून मान डोलवायचे, हसायचे. यांचं इतकं हसू मी आधी पाहिलं नव्हतं. लग्नानंतरचे माझे सगळ्यात सुखाचे दिवस म्हणजे ते. पाच-सहा महिने असतील. आणि ते सगळे खोटे होते.

चैत्रात कळलं. मळ्यात ऊन तापलं होतं, आम्ही दोघं बांधावरून चाललो होतो, हे पुढे आणि मी मागे. खड्यांत टिटवीची अंडी होती. खड्यांसारखीच ती, दिसली नाहीत. एकदम टिटवी उठली आणि यांच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. किती जोरात ओरडावं तिने! मी कानांवर हात ठेवले. आणि हे पुढे चालतच होते. जत्रेबद्दल काहीतरी सांगत होते, हजेरीला कोणत्या गावचे फड येणार ते. मध्ये थांबले नाहीत, दचकले नाहीत, मान वर केली नाही. पक्षी अगदी तोंडासमोरून गेला तेव्हा सावली दिसली म्हणून वर पाहिलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं. मी अजून कानांवर हात ठेवून उभी होते.

यांचं बोलणं थांबलं. त्या टिटवीच्या उघड्या चोचीकडे हे पाहत राहिले. मग मला विचारलं, "वरडतीया?"

मी मान हलवली.

"कवापास्नं हायेत ह्या?"

मी काय सांगणार? त्या कुठे गेल्याच नव्हत्या. मी रोज ऐकत होते, पण घरात आनंद इतका होता, की मला वाटे या पलीकडच्या काठावरच्या असतील, आमच्या मळ्यातल्या नव्हेत. यांच्या तोंडून गेल्या म्हटल्यावर त्या गेल्याच असणार, असं मी आणि सासूबाई दोघीही धरून चाललो होतो. मी यांना काहीतरी समजावू लागले आणि यांच्या डोळ्यांकडे पाहताना मला एकदम उमगलं. हे माझ्या तोंडाकडे तसेच पाहत होते, जसे त्या चोचीकडे.

मऊ. माझा आवाज मऊ झाला होता तो असा.

हे आधी मानेनात. म्हणाले, "मला समदं ऐकू येतंय. ढोलकी येतिया, गाडी येतिया, चुलत्याचं बोलनं येतंय." ते खरंच होतं. जाडं-भरडं सगळं ऐकू येत होतं. बारीक आणि उंच तेवढं गेलं होतं. टाकीच्या आत बसून यांच्या कानाची वरची पट्टी जळून गेली होती. पाखरं, रातकिडे, तुणतुण्याची तार आणि मी.

जत्रा पंधरवड्यावर आली होती. आमच्या गावी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवासमोर हजेरी असते. जमलेले सगळे फड एकामागून एक उभे राहून गातात. ती माणसांसाठी नसते, देवाची सेवा असते. त्या हजेरीला जो उभा राहिला नाही, त्याची जागा दुसऱ्याला जाते आणि घराण्यात परत येत नाही. मी म्हटलं, "घसा बसला म्हना." हे माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. "देवाला म्हनू घसा बसला? आज्यापास्नं धरली झील आमी. ती मी सोडू?" मग हळूच म्हणाले, "मला दुसरं काय येतंय गं?"

टाकीत बसून ठोकळा धरणं तर कुणालाही आलं असतं.

म्हणून मग आम्ही मळ्यात सराव केला. घरात कुणाला काही सांगितलं नाही. मी सूर लावायची आणि हे माझ्या गळ्यावर पंजा ठेवायचे. गळ्याची थरथर हाताला लागली की डोळे मिटून तसा आवाज काढायचे, आणि तो बरोबर लागायचा. पहिल्यांदा लागला तेव्हा मी रडले. यांनी विचारलं, "चुकलं?" मी जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. असे रोज बसायचो. दिवसाउजेडी, बांधावर, बाईच्या गळ्यावर बाप्याचा हात. कुणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. हजेरीच्या आदल्या दिवशी तर हात काढून घेतल्यावरही सूर थोडा वेळ टिकला. आम्हाला वाटलं, निभावेल.

हजेरीला बायका देवळासमोरच्या घरांच्या ओट्यांवर दाटीने बसल्या होत्या. सासूबाई पुढे, मी त्यांच्या मागे. आमचा फड उभा राहिला. चुलत सासऱ्यांनी गणाची ओळ घेतली, ढोलकी घुमली, आणि यांनी झील उचलली.

ती लागली नाही. सूर सोडून कुठेतरी वर गेली आणि वरच फाटली. पहिल्यांदा लोकांना वाटलं, चुकली असेल. दुसऱ्या वेळी चुलत सासऱ्यांनी मान वळवून मागे पाहिलं. यांनी ते पाहिलं आणि आवाज कमी पडतोय असं समजून आणखी जोर लावला. गळ्याच्या शिरा टरारल्या, आणि जो आवाज आला तो माणसाचा नव्हता. पुढची पोरं हसली. मग मोठी माणसं हसली. दुसऱ्या गावच्या फडातला कुणीतरी ओरडला, "टिटवी! टिटवी!" आणि सगळ्यांनी ते उचललं. यांना तो गलका ऐकू येत होता, बाप्यांचे जाड आवाज होते ना. यांना वाटलं, वाहवा चालली आहे. हे हसले, मान तुकवून दाद घेतली आणि परत झील उचलली.

तेव्हा मी उभी राहिले. काय करते आहे ते मला कळत नव्हतं. माळ्यावरचा माझा तो आवाज, कधीपासून दाबून ठेवलेला, तो सगळा लावून मी यांना हाक मारली. नाव घेऊन. 'थांबा' म्हणून. ढोलकी थांबली. हसणं थांबलं. सारी जत्रा वळून ओट्याकडे पाहायला लागली. सून नवऱ्याचं नाव घेऊन देवळासमोर किंचाळली, हे त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं की ऐकलं नव्हतं. स्टेशनाकडून येणारे लोकसुद्धा नंतर सांगत होते, की आम्हाला तिथे ऐकू आलं.

माझ्याकडे पाहिलं नाही ते फक्त यांनी. हे एकटेच त्या शांततेत 'जी जी जी' करत राहिले, चुलत सासऱ्यांनी तुणतुण्यावर हात ठेवेपर्यंत.

त्यानंतर झील दुसऱ्या घरात गेली. सासूबाईंनी मला पुन्हा कधी टिटवी म्हटलं नाही. त्यांनी मडकं फळीवरून खाली घेऊन चुलीजवळ ठेवलं. काम काही सुटलं नाही. मळा बहुतेक गेलेला, काम सोडून खाणार काय? हे त्याच टाकीत उतरत राहिले. मी आवाज जाड करायला शिकले. छातीतून, घोगरा, बाप्यासारखा. तसं बोललं की यांना कळायचं. आता तोच माझा आवाज झाला आहे. फोनवर लोक मला आजोबा म्हणतात. पहिला आवाज कुठे गेला मला ठाऊक नाही, मी शोधलाही नाही.

जत्रेनंतर महिनाभराने, दुसऱ्या शिफ्टला जायच्या आधी, आम्ही मळ्यात बसलो होतो. यांनी भाकरी संपवली, हात धुतला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "लोक म्हनत्यात, तू माजं नाव घेतलंस."

मी मान हलवली.

"म्हन की पुन्हा."

मी जाड आवाजात नाव घेतलं. हे म्हणाले, "तसं नगं. ओट्यावरनं म्हनलीस तसं." आणि सरकून जवळ आले, माझ्या गळ्यावर पंजा ठेवला आणि डोळे मिटले.

मी म्हटलं. पाखरं उठली. हे तसेच डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा म्हटलं, पुन्हा, पुन्हा, घसा सोलवटेपर्यंत. यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"हाताला लागतंय," हे म्हणाले. "पर नाव न्हाई लागत."

माळावर कारखान्याचा भोंगा झाला. तो जाड होता, तो यांना ऐकू आला. यांनी माझ्या गळ्यावरचा हात काढला, डोळे पुसले, उठले आणि कामाला गेले.